शजऱ्यात नसलेली कोंबडी

निजामचाचांच्या असील जातीच्या कोंबड्यांचा शजरा, म्हणजे वंशवृक्ष, पिंजऱ्यांमागच्या भिंतीवर खडूने काढलेला होता. सगळ्यात वर राणी. खाली तिची पिल्लं. त्यातल्या नवाब आणि दुलारा या दोन नावांवर फुल्या होत्या. दोघं महिन्याभरात मेले आणि दोघांच्या यकृतात गाठी निघाल्या.

"मधू, राणीच्या खुनात खोट असंल तर साफ सांग," चाचा मागच्या आठवड्यात म्हणाले होते. खून म्हणजे त्यांच्या बोलीत रक्त. "मंग समदी खानदानच संपवावी लागंल."

त्यांची भीती खोटी नव्हती. अशा गाठी करणारा कर्करोगाचा विषाणू आईकडून अंड्यात उतरू शकतो. मी त्या दोघांच्या यकृताचे आणि उरलेल्या सात पक्ष्यांच्या रक्ताचे नमुने प्रयोगशाळेत तपासले होते. आज निकाल घेऊन जवळजवळ पळतच जुन्या जालन्यात आले आणि लॅपटॉप पिंजऱ्यावरच उघडला.

"हा विषाणूंचा शजरा, चाचा. फांद्या जितक्या जवळ, तितकं नातं जवळचं."

चाचांनी चष्मा चढवला. "आमच्यापेक्षा कीटाणूचीच खानदान मोठी दिसून राह्यली! राणी कुठंय?"

"नाहीच. तिच्यात विषाणू सापडला नाही. दोनदा तपासलं."

"बिलकुल न्हाई?"

"बिलकुल नाही. पण ही फांदी बघा. नवाब, दुलारा आणि त्यांना अगदी चिकटून सात नंबरच्या पिंजऱ्यातली पांढरी. ती कोण? भिंतीवर तर नाही."

"ती? तीर्थपुरीच्या बाजारातून आणली. राणी अंड्यांवर बसना, ही खुडूक होती, म्हणून हिच्याखाली ठेवली. शजऱ्यात कशाला लिहू? खून थोडाच तिचा हाय?"

माझा आवाज चढला. "तिच्याखाली किती पिल्लं वाढली?"

"दोनच. नवाब अन् दुलारा."

"आणि बाकीची पाच?"

"ती अंडी उबवायच्या मशीनमधली. पांढरीजवळ गेलीच न्हाईत."

"ती पाचही स्वच्छ आहेत, चाचा! रोग राणीच्या खुनातून नाही, पांढरीच्या सहवासातून आला!"

चाचा मटकन पोत्यावर बसले आणि हसायलाच लागले. मी घाईघाईने सांगितलं की पांढरीला आजच वेगळं ठेवायचं आणि बाकीच्यांची महिन्याने पुन्हा तपासणी करायची. त्यांनी मान हलवली, खिशातून खडू काढला, भिंतीशी गेले आणि थबकले.

"घे, तूच काढ," खडू माझ्या हातात देत ते म्हणाले. "बिनखुनाच्या नात्याची रेघ मला येत न्हाई."