लोकरीची टोपी घातलेला दांडा

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. साधीसुधी नव्हे, चारही चाकांना जोर देता येणारी, डोंगर चढणारी गाडी. हे आधीच सांगून ठेवते, कारण आत्ता मला पाहिलंत तर तुम्हाला ते खरं वाटणार नाही. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी भिंतीकडे तोंड करून उभी आहे. भिंतीवर एक खिळा आहे आणि त्याला एक जुनी छत्री टांगलेली आहे. दिवसभर मी ती छत्री बघते. दुसरं बघायला काही नाही.

माझी सुरुवात मात्र थाटात झाली. जाड पोलादी सांगाडा, उंच चाकं, पोटाखालून मांजर शेपटी उभी करून निघून जाईल एवढी जागा. कारखान्यातल्या शेवटच्या दिवशी एका टकल्या तपासनिसाने मला दगडांच्या चढावर नेलं, खड्ड्यात उतरवलं, पाण्यातून काढलं. मग खाली उतरून त्याने माझ्या बॉनेटवर थाप मारली आणि म्हणाला, "ही नाही म्हणायची नाही." आयुष्यात मला मिळालेली ती सगळ्यात मोठी शाबासकी. ती मी अजून पुरवून पुरवून वापरते.

शोरूममध्ये माझ्या शेजारी एक पांढरी छोटी गाडी उभी होती. एवढीशी, गोलमटोल, हसऱ्या चेहऱ्याची. मी तिच्याकडे जरा तुच्छतेनेच बघायचे. एके दिवशी एक चष्मेवाला आला. म्हणजे चष्म्याचं दुकान चालवणारा गृहस्थ, सोबत त्याची बायको आणि पाच वर्षांची लेक. बायको शाळेत गणित शिकवायची. तिने छोट्या गाडीचं दार उघडलं, आत बसली, आणि तिचा निर्णय तिथेच झाला. चष्मेवाला मात्र माझ्याभोवती प्रदक्षिणा घालत होता.

त्याला कारण होतं. त्याची आई डोंगरावर एकटी राहायची. तिथे तिच्या मधमाश्यांच्या पेट्या होत्या आणि त्या सोडून ती खाली यायला तयार नव्हती. वाटेत एक ओढा होता. पाणी चढलं की साध्या गाडीला पलीकडे जाता येत नसे आणि पलीकडचा चढ निसरडा व्हायचा.

बायकोने हिशेब मांडला. वर्षाचे दिवस तीनशे पासष्ट. ओढ्याला पाणी चढतं ते फार तर चाळीस दिवस. उरलेले सव्वातीनशे दिवस तिला शाळेत जायचं होतं, लेकीला सोडायचं होतं, अरुंद गल्लीतून भाजी आणायची होती. हिशेब चोख होता. चष्मेवाल्याने तो ऐकून घेतला आणि एवढंच म्हणाला, "त्या चाळीस दिवसांत आईला काही झालं तर?" तिने छोट्या गाडीचं दार हळूच लावलं. मी जिंकले. त्या दिवशी मी किती फुशारले होते, ते आठवलं की आता लाज वाटते.

विक्रेत्याने जाताना एक गोष्ट बजावली होती. माझ्या गिअरशेजारी एक दुसरा, बुटका दांडा आहे. एरवी माझी मागची दोनच चाकं ओढतात. हा दांडा मागे खेचला की चारही ओढू लागतात. "महिन्यातून एकदा तरी हा दांडा मागेपुढे करा, चार पावलं चालवा," तो म्हणाला, "नाहीतर आतून गंज धरेल." चष्मेवाल्याने मान डोलावली. पण त्याचा स्वभाव जपून ठेवणाऱ्याचा. घरात चांगले कप पाहुण्यांसाठी ठेवलेले, नवी सतरंजी कपाटात घडी करून ठेवलेली. दांडाही त्याने त्याच यादीत टाकला. लेक खेळताना ओढेल म्हणून त्याने आईला सांगून दांड्याला लोकरीची टोपी विणून घेतली. निळी, वर पिवळा गोंडा. मोठी गोड टोपी होती. ती चढली ती पाच वर्षं उतरली नाही.

त्या पाच वर्षांत मी शहरात काय केलं? अडले, मित्रांनो. शाळेच्या कोपऱ्यावर एका दमात वळले असेन तर शपथ. तीनदा मागेपुढे, आणि मागे हॉर्नचा गजर. माझ्या कडक स्प्रिंगांनी लेकीला मळमळायचं. बायकोला चढताना गुडघा दुखायचा, म्हणून तिने एक लाकडी स्टूल मागे ठेवलं. आधी स्टूल खाली, मग बाई वर, मग वाकून स्टूल आत, असा सोहळा रोज व्हायचा. शेजारीण म्हणायची, भाजी आणायला उंटावर बसून निघालात वाटतं. बायको हसायची. पुढे ती बसने जाऊ लागली. लेकही बसने जाऊ लागली. मी दारात उभी राहू लागले. खायला काळ आणि भुईला भार, दुसरं काय.

आणि डोंगर? तिथे आम्ही पहिल्या वर्षी तीनदा गेलो. रस्ता कोरडा होता, दांड्याची गरजच पडली नाही. आई ओट्यावर वाट बघत उभी असायची. ती माझ्या बॉनेटवर हात ठेवून म्हणायची, "तापलीस गं बाई." निघताना मागच्या सीटवर मधाच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून द्यायची. दुसऱ्या वर्षी आम्ही दोनदा गेलो. मग एकदा. मग दुकान वाढलं आणि फोनवर बोलणं होतंच की, असं झालं. चष्मेवाला लोकांना सांगायचा, आईची काळजी नाही, काही झालं तर गाडी दारात आहे. तो दिवसभर दुसऱ्यांची नजर तपासायचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

पाचव्या वर्षी, पाण्याच्या दिवसांत, सकाळी दुकान उघडतानाच फोन आला. डोंगरावरच्या मेंढपाळाचा. आई पेटीपाशी घसरून पडली होती, पाय मोडला होता, उठता येत नव्हतं. चष्मेवाला आणि त्याची बायको तसेच निघाले. मला भीती वाटली नाही. खरं सांगते, मला आनंद झाला. ज्याच्यासाठी मला घेतलं होतं तो दिवस एकदाचा आला होता.

ओढ्याला गुडघाभर पाणी होतं. माझ्यासाठी ते काहीच नव्हतं. चष्मेवाल्याने काठावर मला थांबवलं, गोंड्याची टोपी काढली आणि दांडा खेचला. दांडा हलला नाही. त्याने दोन्ही हातांनी खेचला. बायकोने त्याच्या हातांवर हात ठेवून खेचला. आत गंज गिअरच्या दातांना धरून बसला होता. मी जीव तोडून प्रयत्न केला, पण पाच वर्षं झोपलेलं अंग हाक मारल्यावर उठत नाही. त्याने मला तशीच पाण्यात घातली. मधोमध माझी मागची चाकं जागच्या जागी फिरली, चिखल उडाला आणि मी आसापर्यंत रुतले. ही नाही म्हणायची नाही, असं माझ्याबद्दल कोणीतरी म्हणालं होतं.

चष्मेवाला उतरला आणि दोन कोस चढ चालत गेला. बायको उलट दिशेला, मोठ्या रस्त्याकडे मदत शोधायला गेली. मी पाण्यात एकटी राहिले. पाणी हळूहळू चढत गेलं आणि दारातून आत आलं. सीटवर पडलेली टोपी भिजली.

उन्हं डोक्यावर आल्यावर ते दोघे आईला खुर्चीत बसवून खाली घेऊन आले. पुढे मेंढपाळ, मागे चष्मेवाला. माझ्या दारापाशी, कमरेला पाणी लागत असताना, मुलाला धाप लागली म्हणून ते क्षणभर थांबले. आईने खिडकीतून आत पाहिलं. तिला टोपी दिसली.

"हलला नाही रे दांडा," मुलगा म्हणाला. "तुझ्यासाठीच घेतली होती गं गाडी."

आईने माझ्या उन्हाने तापलेल्या बॉनेटवर हात ठेवला. रागावली नाही ती. वेदनेने तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज नेहमीचाच होता.

"मला गाडी नको होती बाळा," ती म्हणाली. "बाकीच्या दिवसांत या ओढ्यात घोटाभर पाणी नसतं. बसने आला असतास तरी चाललं असतं."

त्याने मेंढपाळासोबत खुर्ची उचलली. ते शहराकडच्या काठाला गेले. तिथे त्याची बायको कोणाची तरी गाडी थांबवून उभी होती. पांढरी, छोटी, गोलमटोल. आईला तिच्यात निजवलं आणि ते गेले. दोन दिवसांनी ट्रॅक्टरने मला बाहेर काढलं.

मेकॅनिकने दांडा सोडवला. तो म्हणाला, गाडीत खोट नाही, वापरली नाही एवढंच. वरातीमागून घोडं. बायकोने छोटी गाडी घेतली आणि मी या शेडमध्ये आले. पाय जुळला तरी आईला पुन्हा डोंगर चढता आला नाही. पेट्या मेंढपाळाला देऊन ती खाली आमच्या घरी, मागच्या खोलीत राहू लागली. चष्मेवाला दुकान लवकर बंद करून रोज संध्याकाळी तिच्यापाशी बसायचा. महिन्याच्या पहिल्या रविवारी तो मला सुरू करायचा. आई त्या लाकडी स्टुलावरून शेजारच्या सीटवर चढायची, टोपी काढून स्वतःच्या हाताने दांडा मागे ओढायची, आणि आम्ही तिघं अंगणातल्या मातीत वीस पावलं पुढे, वीस पावलं मागे जायचो. ते दोघे त्या वेळात कुठल्या कुठल्या गोष्टी बोलायचे. माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांबचा प्रवास तोच.

दोन वर्षं असं चाललं. मग आई गेली.

ओढ्यावर आता पूल झाला आहे. वरपर्यंत पक्का रस्ता गेला आहे, छोटी गाडीही सहज चढते. वरच्या घराला कुलूप आहे. पहिल्या रविवारी चष्मेवाला अजून येतो. टोपी काढतो, दांडा ओढतो, वीस पावलं पुढे, वीस पावलं मागे. शेजारची सीट रिकामी असते. दांडा आता लोण्यासारखा सरकतो. मग तो टोपी परत चढवतो, गोंडा सरळ करतो आणि थोडा वेळ नुसता बसून राहतो. मीही इंजिन गार होईपर्यंत त्याला सोबत करते.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, गाडी घ्यायला जाल. डोंगराची घ्या नाहीतर गल्लीतली घ्या, ज्याची त्याची गरज. मोठी घेतलीत तर तिचा दांडा महिन्यातून एकदा तरी हलवत जा. ओढ्याला पाणी येईल ते चाळीस दिवस जरूर मोजा. पण घरी कोणी ओट्यावर वाट बघत असेल, तर उरलेले सव्वातीनशे दिवसही मोजा, आणि त्यातल्याच एखाद्या दिवशी, काही झालेलं नसताना, जाऊन या.