वाक्य पुरं होईपर्यंत

धाकटा भाऊ घर सोडून गेला तेव्हापासून आमच्याकडे शहाण्यांची रीघ लागलीय. एक म्हणतो गरिबी, दुसरा म्हणतो धर्म. परवा एक बाई आल्या, त्या म्हणाल्या, नको ती पुस्तकं वाचून बिघडला असेल. डोंबल! आमच्या घरात छापील कागद येतो तो पंख्याची पाती गुंडाळायला.

आमचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेला पंखा आणा, आम्ही जुनी तार उपसून नवी भरतो. धाकट्याचा हात त्यात असा चालायचा की बघत राहावं. जीभ मात्र अडखळायची. त्यानं तोंड उघडलं की उरलेलं वाक्य बाबाच गिऱ्हाइकाला सांगून मोकळे. काका तर त्याची नक्कल करत चहा मागवायचे आणि सगळं दुकान खो खो हसायचं. मी काकांना चारचौघांत झापलंय, बाबांशी कडाकडा भांडलेय. पालथ्या घड्यावर पाणी. चोवीस वर्षांच्या माणसाला स्वतःचं एक वाक्य पुरं करू देत नाहीत, ही काय रीत झाली?

मग तो आला. त्याला सगळे 'सर' म्हणायचे, शिकवायचा काय ते कुणालाच ठाऊक नव्हतं. टेबलफॅन घेऊन यायचा आणि स्टुलावर बसायचा. धाकटा बोलायला लागला की हा मान खाली घालून ऐकायचा, मध्ये एक शब्द नाही. "घाई नाही, तू बोल." दुरुस्त केलेला पंखा आठवड्यात पुन्हा बंद. आमच्या हातचा पंखा असा बंद पडत नाही, हे मी बाबांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, तुला ज्याच्यात त्याच्यात खोटच दिसते.

एक दिवस धाकटा तार आणायला म्हणून गेला तो परतलाच नाही. गेल्या वर्षी भाजीबाजारात बॉम्ब ठेवणारे या सरांचेच लोक, हे आम्हाला पोलिसांकडून कळलं. स्वतः नामानिराळा, मरायला लोकांची पोरं. पोलिस म्हणाले, "अजून तुमच्या मुलाच्या हातून काही घडलेलं नाही. फोन आला तर त्याला परत बोलवा, तरच तो वाचेल."

काल दुपारी फोन आला. बाबांना आणि काकांना मी आधीच दम भरला होता, मध्ये बोललात तर बघा. स्पीकर लावला.

"ताई, ज्यांनी आमचा आवाज दाबला, त्यांना आता तो ऐकावाच लागेल. आम्ही मागे हटणार नाही."

सलग बोलला, एकदाही अडखळला नाही. बाबांचे डोळे भरून आले. त्यांना वाटलं, पोरगं बरं झालं. माझ्या अंगावर काटा आला. पाठ केलेलं म्हणताना तो कधीच अडखळत नसे, शाळेतल्या कवितासुद्धा घडाघडा म्हणायचा.

"ते राहू दे," मी म्हटलं. "तुला घरी यायचंय का?"

"ता-ताई, म-मला..."

आम्ही थांबलो. काकांनी तोंडावर हात दाबून धरला होता. बाबा फोनकडे टक लावून बसले होते. आयुष्यात पहिल्यांदा त्या पोराच्या पुढच्या शब्दासाठी आमचं अख्खं घर थांबलं होतं.

"म-म..."

"त्याला यायचं नाही," पलीकडून सरांचा शांत आवाज आला. "तो सुखात आहे इथं."

"मेल्या, तुला कुणी विचारलं? त्याचं त्याला बोलू दे!"

हे मी नाही, बाबा ओरडले. तोवर फोन बंद झाला होता.