शंकूपेशींतली हिरवी चमक

डोळ्याच्या पडद्याचे काप काढण्यात ताईंचा हात धरणारं त्या प्रयोगशाळेत कोणी नव्हतं. बावीस वर्षं त्यांनी माकडांचे डोळे गोठवून केसाहून पातळ चिरले होते. मग नवे डॉक्टर आले. वय तिशीचं, हुशारी ओसंडून वाहणारी, आणि जिभेला हाड नाही. एका बैठकीत त्यांनी सगळ्यांदेखत प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांना सांगितलं, की ताईंचा हात आता थरथरतो, काप जाडबारीक येतात, यापुढे ते आपण स्वतःच काढू. सरांनी मान डोलावली. ताईंकडे उरलं स्लाइड रंगवणं आणि भांडी धुणं.

हात थरथरत होता हे खरंच होतं, म्हणूनच ते जिव्हारी लागलं. खोटं असतं तर त्या भांडल्या असत्या.

गांजाचा अंमल पेशींवरच्या ज्या ग्राहींमार्फत, म्हणजे रिसेप्टरांमार्फत, चढतो, ते माकडाच्या डोळ्यात कुठल्या पेशींत असतात, हे डॉक्टर शोधत होते. कापावर चमकणारा रंग जोडलेली अँटीबॉडी सोडली की ती ग्राहीला जाऊन चिकटते आणि सूक्ष्मदर्शकाखाली तेवढी जागा हिरवी चमकते. डॉक्टरांना रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी हिरव्यागार दिसल्या. हा ग्राही तिथे असेल असं कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. डॉक्टरांना आकाश ठेंगणं झालं.

अशा कामात एक खातरजमा करतात. अँटीबॉडीला आधी त्या ग्राहीचाच तुकडा भरपूर पाजायचा आणि मग ती कापावर सोडायची. पोटभर जेवून आलेला पाहुणा जसा ताटाला हात लावत नाही, तशी ती कुठेच चिकटायला नको. सगळं काळं दिसायला हवं. हे काम डॉक्टरांनी ताईंवर ढकललं.

ताईंनी ते केलं आणि स्लाइडला डोळा लावला. शंकूपेशी तशाच हिरव्या. अँटीबॉडी भलत्यालाच चिकटत होती. सगळा शोध फोल.

डॉक्टरांचं टेबल दहा पावलांवर होतं. ताईंनी स्लाइडवर तारीख घातली, ती डबीत ठेवली आणि डबी कपाटात. संध्याकाळी डॉक्टर दारातून डोकावले.

"खातरजमा झाली ना?"

"झाली."

काय निघालं ते त्यांनी विचारलं नाही, ताईंनी सांगितलं नाही.

पुढच्या महिन्यात डॉक्टरांनी आणखी चार माकडं मागितली आणि सरांनी सही केली. माकडांना लहानाचं मोठं करणारा म्हातारा राखणदार एकेकाला कडेवर घेऊन यायचा; दुसऱ्या कोणी उचललं तर ती बिथरत. बर्फाचा डबा धरायला ताई असत, कारण प्राण गेला की डोळा काही मिनिटांत गार करावा लागतो. तिसरी एक वयस्क मादी होती. भूल चढेपर्यंत तिनं ताईंचं बोट घट्ट धरून ठेवलं होतं. राखणदारानं ते सोडवलं आणि हळूच विचारलं, "ताई, यातनं काही निघतंय ना?"

"निघतंय की," ताई म्हणाल्या.

चौथ्या महिन्यात बाहेरची तज्ज्ञ मंडळी बोलावून डॉक्टरांनी शोध मांडला. पडद्यावर हिरव्या शंकूपेशी पाहून लोक पुढे सरकून बसले. मग एका पाहुण्या बाईंनी खातरजमेचं विचारलं. ती ताईंनी केली आहे, असं डॉक्टर बिनदिक्कत म्हणाले. सरांनी मागच्या रांगेकडे पाहिलं.

ताई उठून उभ्या राहिल्या. "केली. चमक गेली नाही. तशीच्या तशी राहिली."

डबी त्यांच्या हातातच होती. सरांनी स्लाइड उजेडात धरली, तारीख वाचली आणि खाली ठेवली. डॉक्टर पुढची दहा मिनिटं काय बोलत होते, ते त्यांनाही कळत नसावं. पाहुणे खाली मान घालून कागद चाळत राहिले. ताई मात्र डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होत्या. एक रेघही त्यांना चुकवायची नव्हती.

डॉक्टर दीड महिन्यात नोकरी सोडून गेले. जाताना ताईंच्या समोरून मान न वळवता गेले.

सरांनी ताईंना आत बोलावलं, इतके दिवस गप्प का राहिलात म्हणून विचारलं. कोणी विचारलंच नाही, असं ताई म्हणाल्या.

"चार जनावरं गेली, ताई."

"सही माझी नव्हती, सर."

ताईंना काढून टाकणं त्यांना परवडणारं नव्हतं. रंगवायला दुसरं होतं कोण? राखणदाराच्या कानावर गेलं तेव्हा तोही भांडला नाही. त्या दिवसापासून तो पिंजरा दाराशी ठेवायचा आणि ताई यायच्या आत निघून जायचा.

घरी ताई व्यवस्थित जेवत, गाढ झोपत. काहीतरी बोचेल असं त्यांना वाटलं होतं, आठवडाभर त्यांनी वाटही पाहिली. काही बोचलं नाही. मग त्यांनी वाट बघणंही सोडून दिलं.