कुंभिवलीत अर्थ कोण सांगणार

आमच्या कुंभिवलीत श्रावणात मारुतीच्या देवळात पोथी लागते. एकजण ओवी वाचतो, दुसरा तिचा अर्थ सांगतो. वाचणाऱ्याला गळा असला की भागतं. मान असतो तो अर्थ सांगणाऱ्याला. त्याचा चौरंगाजवळचा पाट बरीच वर्षं मोरेश्वर टिपणिसांकडे होता. कर्जतच्या शाळेतून ते मुंबईला गेले, जुन्या काव्यावर जाडजूड ग्रंथ लिहून प्राध्यापक झाले, मग प्रिन्सिपॉल. पण श्रावणात रजा काढून आमच्यापुढे बसायचेच.

एकोणीसशे बत्तीस साली ते दूरच्या एका विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि रजा बंद झाल्या. एवढ्या मोठ्या माणसाला रजा मिळत नाही, हे काही आम्हाला पटेना. मग त्यांची थोरली बहीण चंद्राबाई पाटावर बसली. तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आलेली, भावाची सगळी पुस्तकं वाचून काढलेली बाई. विधवेनं अर्थ सांगायचा म्हणून चार म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली आणि दुसऱ्या दिवशी तेच सर्वांच्या पुढे येऊन बसले. पोथीतली माणसं शेजारच्या आळीत राहत असावीत, असं ती बोलायची. एरवी मान खाली घालून वावरणारी चंद्राबाई ते दोन श्रावण ताठ चालली.

तिसऱ्या श्रावणात भाऊसाहेब, म्हणजे आमचे टिपणीस, आले. "दोन वर्षं नुसत्या सह्या करतोय," देवळाच्या पायरीवरच ते म्हणाले. "कवितेची एक ओळ धड वाचली नाही." चंद्राबाईनं पाट पुसून दिला आणि ती बायकांत जाऊन बसली. आम्हाला फार वाईट वाटलं. पण कुलगुरूंना पाटावरून उठा म्हणायची कुणाची छाती!

गरोदर राणीला रानात सोडून देतात, तो भाग चालू होता. पोथी वाचायला बसणाऱ्या नामानं ओवी वाचली. भाऊसाहेब छान बोलले, फारच छान, दोघं-तिघं पेंगले. मग म्हातारी जनी उठून उभी राहिली.

"भाऊसायब, तिला दिवस गेलं व्हतं ना? मंग रानात तिचं डोहाळं कोनी पुरवलं?"

"कवी इथं मौन पाळतो," ते म्हणाले आणि आणखी दोन कवींचं मत सांगू लागले.

जनीनं सगळं ऐकून घेतलं आणि बायकांकडे वळली. "चंद्राबाय, तू सांग गं."

भाऊसाहेबांचा चेहरा उतरला, खोटं कशाला बोलू. मग ते उठले आणि नामाला सरकवून वाचणाऱ्याच्या जागी बसले.

"ओवी मी वाचतो, ताई. अर्थ तू सांग."

"तुझ्यासमोर? नको रे मोरू."

"मला खरंच ठाऊक नाही. ये."

ती पाटावर बसली. त्यांनी तीच ओवी पुन्हा वाचली आणि थांबले.

"पुरवणारं कुणी नसलं की बाई डोहाळे सांगतच नाही," चंद्राबाई जनीकडे बघत म्हणाली. "मीही नव्हते सांगितले. हे गेले आणि चौथा महिना लागल्यावर मी माहेरी आले. मोरूची एम.ए.ची परीक्षा होती, घरात सगळे पाय न वाजवता चालायचे. मला कैरी हवी होती. झाड दारातच होतं. पुढे मूलही राहिलं नाही."

भाऊसाहेबांनी पोथी नामाकडे सरकवली. पुढची ओवी नामानंच वाचली.