घोसाळ्याचं पानी

सकाळी उठलं का पयले काच पुसा. मंग घोसाळ्याच्या जाळ्या काढा, त्याईवरचं मीठ धुवा, पुन्हा मांडा, डब्यात विहिरीचं खारं पानी भरा. सहा महिने झाले. हाताले भेगा पडल्या, कंबर तं कामातूनच गेली. कोनी इचारलं, केसरबाई, काय करून राह्यली, तं मी म्हनते, बाप्पा, पानी पिकवून राह्यली.

आमच्या पट्ट्यात विहीर खना का बोअर मारा, पानी खारंच. डाळ शिजत नाई, चहात दूध फाटते. माह्या मालकाच्या, भाऊरावच्या, किडन्या खराब झाल्या तवा शेगावच्या डॉक्टरनं सांगतलं, खारं पानी बंद करा, नाई तं डायलिसिसले अकोल्याच्या चकरा माराव्या लागतीन. रक्तातला क्रिएटिनिनचा आकडा तवा तीन होता, पाह्यजे एकाच्या आसपास.

समता आमची लेक. शेगावले कॉलेजात शिकवते. तिनं हे यंतर उभं केलं. टिनाचा डबा, आतून काळा, वरून तिरपी काच. आंग घासाची घोसाळ्याची जाळी असते ना, ती चुलीवर वरवर जाळून काळी केली अन् पान्यावर तरंगत ठेवली. त्याच्याआधी कपाशीच्या पऱ्हाटीचा कोळसा करून पाह्यला होता, त्याचा दोन दिवसात भुगा झाला. घोसाळं टिकलं. ते खालून पानी ओढते, वरून ऊन खाते, वाफ काचीले लागते अन् थेंब थेंब नळीतून बाटलीत येते. मीठ मांगं जाळीवर. दिवसभरात दोन लिटर, ते बी ऊन कडक असलं तं. एका मानसापुरतं.

म्हनून मी भाऊरावसाठी छोटा माठ आनला. झाकन वेगळं, पेला वेगळा. मोठ्या माठात खारं, ते माह्यासाठी अन् आल्यागेल्यासाठी. छोट्यातलं गोडं मी कधी घोटभर बी चाखलं नाई. एकदा शेजारची जनकाबाई उन्हातून आली, घसा कोरडा पडलेला, तिनं छोट्या माठाकडे हात नेला. मी खेकसलीच, "अवो, त्या माठाले हात नका लावू!" बिचारी वरमली. भाऊराव बाजेवर बसून ऐकत होते.

पंधरा दिवसाखाली रक्त तपासलं. आकडा चार पॉइंट एक. समतानं बाटलीतलं पानी मीठ मोजाच्या मीटरनं तपासलं, पानी चांगलं. तरी पोरगी रडली. "माय, माह्या जाळीतच खोट असन. सोडून दे हे सारं." मले असा राग आला, पन काढू कोनावर? निरा उन्हात मरमर मरा अन् हाती काय, तं चार पॉइंट एक.

परवा वावरातून लवकर आली. दारातून पाह्यते तं काय, भाऊरावनं छोटा माठ उचलला अन् सारा मोठ्या माठात वतला. मंग मोठ्यातलं पेलाभर घेऊन गटागटा पेले.

"अगाई! डोस्कं फिरलं काय तुमचं? काय करून राह्यले?"

दचकले बी नाई. "मिसळून राह्यलो. रोजच मिसळतो."

"काऊन पन?"

ते बाजेवर टेकले. दम लागला होता. "केसर, माह्या बापाले विहिरीले हात लावू देत नोहते. वरून वतत, अन् तो ओंजळीनं पेत होता. मी बाजूले उभा असो. आता माह्या घरात दोन माठ? अन् तू म्हनते, हात नका लावू."

"तुमच्या जिवासाठी म्हनलं मी!"

"समजते मले. मी गोडं पेऊ अन् तू खारं, हे घशाखाली उतरत नाई."

मी भिंतीले टेकून खालीच बसली. सहा महिन्याचं मरन त्या माठात वतलं या मानसानं. लय राग आला, अन् त्याहून जास्त लाज आली. सासऱ्याच्या तोंडून ती विहिरीची गोष्ट मी शंभरदा ऐकली होती. तरी माह्याच तोंडातून तेच बोल निघाले.

काल सकाळी छोटा माठ परसात उलटा घातला. जनकाबाईच्या घरी जाऊन माफी मांगून आली. मोठा माठ रिकामा केला, घासला, त्यात फक्त घोसाळ्याचं पानी वतलं. पयला पेला त्याईच्यासमोर मी पेली. चव ना ढव.

"सैपाकाचं मरो," मी म्हनली, "पन प्याले आता या घरात खारं नाई. दोघाईत हेच. संपलं तं संपलं."

"पुरन काय?"

"नाई पुरत."

समताले फोन केला. म्हनली, बाई, तुह्या जाळीत खोट नोहती, दुसरा डबा कर. ती म्हने, काच याले आठ दिवस लागतीन.

तीन वाजताच माठ खाली झाला. विहिरीच्या पान्याची भरलेली बादली दारातच होती. तिच्याकडे दोघं बी पाह्यत नोहतो. डब्याच्या बाजूले, लिंबाच्या सावलीत बसलो. बाटलीत बोटभर पानी जमलं होतं.

"केसर, तहान लागली व."

"मले बी," मी म्हनली. "बसा गप."