बरगडीशेजारचा दगड

मी एक जुना दगड आहे. तुम्ही हसाल, दगड कधी नवा असतो का! पण मित्रांनो, मी साधासुधा दगड नाही, हत्यार आहे. एका भुकेल्या आईने गोट्यावर गोटा आपटून मला धार आणली. तळ्याकाठच्या चिखलात हत्तीचं पिल्लू रुतून मेलं होतं. तिने माझ्या धारेने त्याचं मांस कापलं आणि तिची मुलं पोटभर जेवली. कापताना मी बरगडीला लागलो, तिथे एक ओरखडा उठला. मग मी तिथेच पडलो आणि चिखलाने आम्हा दोघांना झाकून टाकलं.

किती काळ गेला कोण जाणे. त्या माळावर खडीची खाण होणार होती, तेव्हा उत्खनन करणाऱ्या एका बाईने आम्हाला शोधलं; आसपास माझ्यासारखे आणखी काही दगड आणि हाडंही होती. "बाबा, हा दगड आणि हा ओरखडा जागच्या जागी दाखवला, की इथे आदिमानव होता हे सिद्ध होईल आणि खाण थांबेल," ती सोबत आलेल्या वडिलांना म्हणाली. आनंदाने तिचे डोळे भरून आले होते. नेमकी कॅमेऱ्याची बॅटरी संपलेली. वडिलांना राखणीला बसवून ती बॅटरी आणि खाणीला परवानगी देणारे साहेब दोघांनाही आणायला गेली.

वडिलांनी जन्मभर भांड्यांचं दुकान चालवलं होतं. साहेब येणार आणि लेकीचा माल मातीत लोळतोय, हे त्यांना बघवेना. त्यांनी आम्हाला उचललं, तारेच्या घासणीने खसाखसा घासलं आणि चादरीवर लहान-मोठे असे रांगेत मांडलं. बरगडी पार दुसऱ्या टोकाला गेली.

"बघ, कसं चकाचक केलंय!"

साहेबांना घेऊन आलेली बाई चादरीकडे धावली. "बाबा, काय केलंत हे!"

साहेबांनी बरगडी उलटसुलट करून पाहिली. घासणीच्या चऱ्यांमध्ये माझा ओरखडा हरवला होता.

"हे दगड हाडांपाशीच होते कशावरून?"

"सकाळी होते," ती एवढंच म्हणाली.

खाण झाली. जमिनीत राहिलेली हाडं खडीबरोबर भरडली गेली. मला वडिलांनी घरी आणलं. लेक आता त्यांच्याशी कामापुरतंच बोलते. ते मला हातात घेऊन विचारतात, "सांग ना रे, कुठे होतास तू?" मला ठाऊक आहे. बरगडीच्या डावीकडे, वीतभर अंतरावर. पण मला तोंड कुठे आहे!

मित्रांनो, जमिनीत असं काही सापडलं तर प्रेमानेसुद्धा उचलू नका. आधी बघा, ते कोणाच्या शेजारी पडलंय.