गरम इंजिन

डॉक्टरांनी सवयीने हिरवीच्या इंजिनवर तळहात ठेवला आणि विंचू चावल्यासारखा मागे घेतला. इंजिन गरम होतं. कोमट नव्हे, चांगला चटका बसेल इतकं गरम.

आता मोटारसायकलचं इंजिन गरम असण्यात एवढं दचकण्यासारखं काय, असं कुणीही म्हणेल. पण डॉक्टरांच्या गाड्या चालवायच्या नव्हत्याच मुळी. डॉक्टर दाताचे. दात लोकांचे काढायचे आणि जीव मात्र घरामागच्या शेडमध्ये ठेवायचा. तिथे एकेक नमुना उभा होता. एकीचं इंजिन पुढच्या चाकावरच बसवलेलं, एकीच्या कुशीला साइडकार. सगळ्यांत लाडकी ही हिरवी, कारण हिचा गिअर पायाने नाही, टाकीशेजारच्या दांड्याने हाताने टाकायचा. पूर्वी डॉक्टर स्वतः हिच्यावरून मिरवत. मग कंबरेचं ऑपरेशन झालं आणि सर्जनने बजावलं, पुन्हा किक मारलीत तर माझं तोंड बघायला येऊ नका. तेव्हापासून रविवारी फडक्याने पुसणं तेवढं राहिलं. मित्र आले की किक मारायला गाड्यांची दुरुस्ती बघणारा मिस्त्री. गाडी पहिल्या किकला सुरू व्हायची आणि मित्रांची तोंडं उतरायची, कारण त्यांच्या गाड्या उभ्या राहून राहून जाम झालेल्या. माया लावली की लोखंडालाही कळतं, असं डॉक्टर छाती फुगवून सांगत. मिस्त्री तेव्हा नेमका जमिनीकडे बघत असे.

त्या दिवशी दवाखान्यातली वीज गेली, डॉक्टर भर सकाळी घरी परतले आणि हा चटका बसला. त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. आपली हिरवी कुणीतरी बाहेर नेली होती, रस्त्यावर, ट्रकांच्या गर्दीत! शेडच्या किल्ल्या दोनच. एक स्वयंपाकघरातल्या खिळ्याला, दुसरी मिस्त्रीकडे. स्वयंपाकघरातल्या किल्लीचा विचार त्यांच्या मनाला शिवलासुद्धा नाही. डॉक्टरीणबाई या गाड्यांना सवती म्हणत, तेव्हा त्या कशाला शेडकडे फिरकतील? राहिला कोण? मिस्त्री.

फोन करून त्याला तडक बोलावलं. तो ग्रीसचे हात पुसत आला, तर डॉक्टरांनी दारातच त्याची हजेरी घेतली. विश्वासघात म्हणाले, घरच्यासारखा मानला म्हणाले, माझ्या गाडीवर कुणाकुणाला फिरवून आणतोस म्हणाले. एवढ्या वर्षांत त्याला अहोजाहो करणारा माणूस एका दमात अरेतुरेवर आला. मिस्त्रीने सगळं ऐकून घेतलं.

"मी नाही चालवली, डॉक्टर."

मग कुणी, हे मात्र तो सांगेना. उलटसुलट विचारून झालं, दरडावून झालं. शेवटी त्याने खिशातून किल्ली काढली, टेबलावर ठेवली आणि आता दुसरा माणूस बघा म्हणून फाटकाबाहेर पडला. डॉक्टर मटकन खुर्चीत बसले. हिरवीचा तो हाताचा गिअर खोलून परत बसवणारा दुसरा माणूस त्यांना ठाऊक नव्हता. आणि खरं सांगायचं तर, ज्याच्याशेजारी तासन्‌तास गप्प बसावं असा दुसरा मित्रही नव्हता.

डॉक्टरीणबाई आत इस्त्री करत होत्या. त्यांनी इस्त्री बंद केली, उभी ठेवली आणि बाहेर आल्या.

"अहो, त्याला परत बोलवा. गाडी मी नेली होती."

डॉक्टरांना आधी हसूच आलं. मग बायकोचा चेहरा पाहिला आणि हसू जागच्या जागी विरलं. बाईंनी सगळं सरळ सांगून टाकलं. ऑपरेशननंतर डॉक्टर अंथरुणाला खिळले, तेव्हा मिस्त्रीच येऊन म्हणाला होता, वहिनी, ही यंत्रं नुसती पुसून जगत नाहीत, कुणीतरी फिरवायला हवीत. त्याला रोज वेळ नव्हता. म्हणून त्याने बाईंना शिकवलं, साइडकारवाल्या गाडीपासून सुरुवात करून. नवरा बरा होईपर्यंत म्हणून धरलेलं हँडल मग सोडवेना. डॉक्टर दवाखान्यात गेले की एकेकीला आळीपाळीने बाहेर काढायची. गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं. तुमच्या कानावर कसं घालावं हेच कळेना, म्हणाल्या, तुम्ही त्या मायेचं इतकं कौतुक सांगत होतात. पण माझ्यापायी चोर सोडून संन्याशाला फाशी नको.

डॉक्टरांना पटेना. ही? भाजीची पिशवी रिक्षातून आणणारी ही, हाताने गिअर टाकते? त्यांना सुचलं ते एवढंच.

"अगं, पडली असतीस म्हणजे?"

"पडले होते की," बाई म्हणाल्या. "पुलाजवळच्या वळणावर, वाळूवरून. मनगट मोडलं होतं."

मनगट! डॉक्टरांना प्लास्टर आठवलं. बाथरूममध्ये घसरली, असंच तर ते सगळ्यांना सांगत होते. आणि त्याच आठवड्यात हिरवीचा डाव्या मुठीवरचा क्लचचा लिव्हर वाकलेला सापडला होता. गाडी स्टँडवरून पडली असं धरून त्यांनी मिस्त्रीला नाही नाही ते सुनावलं होतं, आणि त्या भल्या माणसाने तेव्हाही तोंडातून ब्र काढला नव्हता. फूटरेस्टवर ओरखडा होता, बोटभर लांब, टोकाला किंचित वळलेला. डोळे मिटले तरी दिसेल इतका तो पाठ होता. त्या ओरखड्यापायी त्यांना दोन घास गोड लागले नव्हते.

प्लास्टर कोणत्या हाताला होतं, ते मात्र आठवेना. काही केल्या आठवेना. विचारायची लाज वाटत होती, तरी विचारलं.

"कोणता गं हात?"

बाईंनी दोन्ही हात त्यांच्यापुढे धरले आणि उभ्या राहिल्या. दातातली केसाएवढी चीर ओळखणाऱ्या डॉक्टरांनी दोन्ही मनगटं उलटीपालटी करून पाहिली, चष्मा पुसून पाहिली, अंगठ्याने हळूच चाचपली. दोन्ही त्यांना सारखीच दिसली. मग एकदम त्यांचा चेहरा उजळला.

"डावा."

"बरोबर," बाई म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "हातावरून ओळखलंत, की लिव्हरवरून?"

डॉक्टरांना खोटं बोलता येईना, आणि खरं तर त्याहून बोलता येईना. तिचा डावा हात दोन्ही हातांत धरून ते तसेच खाली बघत बसून राहिले.